‘त्यांना काय कळतंय?’

‘लहान मुलं निरागस असतात. त्यांना रंगरूप काय कळतंय? आपणच कशाला डोक्यात भरवायचं?’ बालवाडीताईंच्या शिबिरात रंगभेदाचा विषय काढला की हे वाक्य ऐकू येतंच. मैत्रिणींनो, हा समज खोटा आहे. आपल्या सोयीचा आहे, म्हणून तो टिकला आहे.

मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1939 मध्ये एम.ए.च्या प्रबंधासाठी बालवाडीच्या वयाच्या मुलांचाच अभ्यास केला. पुढे त्यांनी आणि पती केनेथ यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. निम्म्याहून जास्त मुलांनी गोरी बाहुली ‘छान’ ठरवली आणि आपल्यासारखी दिसणारी ‘वाईट’. त्या मुलांना हे कुणी धडा म्हणून शिकवलं नव्हतं. भोवतालच्या जगाने शिकवलं होतं.

ते अमेरिकेतलं, म्हणून आपली सुटका नाही. मी ज्या वस्तीत काम करते तिथे नेपाळी चौकीदारांची, मणिपूरहून पार्लरमध्ये कामाला आलेल्या बायांची मुलं आहेत. चार वर्षांच्या मुलीला ‘ए चिनी’ म्हणत खेळातून बाहेर काढतात. चित्र रंगवताना मुलं ‘स्किन कलर’ मागतात आणि हातात पडतो फिकट गुलाबी खडू. वर्गात एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नसते!

हे चिडवणं कुठवर जातं? जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याची त्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली, मग मारहाण, आणि त्याचा जीव गेला. त्याच वर्षी बेझबरुआ समितीने ईशान्य भारताची ओळख शालेय शिक्षणातून करून द्यावी असं सुचवलं. ते हवंच. पण मोठ्या वर्गातला धडा येईपर्यंत ‘चिनी’ हा शब्द दहा वर्षं तोंडात रुळलेला असतो.

हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे. काळी मुलगी झाली की दोष आईला, आणि लग्नाच्या बाजारात त्याच रंगाची किंमत तिच्या बापाकडून वसूल होते. गोरेपणाची उतरंड एकच आहे. तिची पहिली पायरी बालवाडीत आहे.

‘सगळी देवाची लेकरं’ म्हणून विषय मिटवू नका. मुलांना फरक दिसतो. त्याचा अर्थ ती आपल्या बोलण्यातून आणि गप्प बसण्यातूनही लावतात. म्हणून रंगांबद्दल मोकळेपणाने बोला. हाताशेजारी खडू धरून ज्याला त्याला आपला रंग शोधू द्या. नवीन मुलीचं नाव सर्वांनी नीट उच्चारायला शिका. कुणी चिडवलं तर ताईने तिथल्या तिथे थांबवावं, आणि चिडवणाऱ्यालाच तिला खेळात घ्यायला लावावं. ‘तू लक्ष देऊ नकोस’ हा उपदेश त्या मुलीला करू नये.

आणि हे काम अंगणवाडीच्या बायांवर फुकटात लादू नका. मानधनावर राबणाऱ्या या बायांना त्यासाठी वेळ, साहित्य आणि भत्त्यासह प्रशिक्षण मिळालंच पाहिजे. आपल्या मागण्यांच्या यादीत हेही लिहू या.