भटारखाना नकाशात दाखवा

गिरगाव, दादर, लालबाग, धोबीतलाव. यांपैकी कुठंही जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि तळमजल्यावरच्या उपाहारगृहाचं काय होणार, असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. माणसांचे जीव महत्त्वाचे की मिसळ? त्यांना नव्या इमारतीत तेवढीच जागा मिळणार आहे ना? त्यांच्या मुलांनाच धंदा करायचा नाही, मग तुम्हाला कशाला पुळका? ही उत्तरं देणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतले बरेचजण त्याच इमारतीत सामायिक संडासासमोर रांग लावून म्हातारे झाले आहेत. म्हणूनच त्यांच्याशी हुज्जत न घालता नीट बोललं पाहिजे.

जिवाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. जुलै २०१९मध्ये डोंगरीची केसरबाई इमारत पडली. दक्षिण आणि मध्य मुंबईत आजही तेरा-चौदा हजार उपकरप्राप्त इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या कित्येकींचे जिने चढताना हात आपोआप भिंतीकडे जातो. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी गोठवली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना आणि मधल्या मधे इमारत कुजत गेली. हा दोष उपाहारगृहाच्या कौतुकानं झाकला जात नाही. अशा इमारती पाडायलाच हव्यात.

पण पाडायची की नाही हा एक प्रश्न आणि पाडल्यावर तळमजल्यावर कोण परत येणार हा दुसरा. पहिल्याची निकड दाखवून दुसरा विचारूच द्यायचा नाही, असं सध्या चाललं आहे. भाडेकरूंच्या सभेत ज्यानं हा विषय काढला तो पुनर्विकासात खोडा घालणारा ठरतो. असं करून कुणाचाही जीव वाचत नाही. उपाहारगृह परत आलं म्हणून इमारतीची एक तुळईही कमी मजबूत होणार नाही.

आता तेवढीच जागा मिळण्याबद्दल. या एका मुद्द्यावर सगळा व्यवहार उभा आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या तरतुदीखाली राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. म्हणजे एकशेवीस फुटांच्या खोलीतल्या कुटुंबाची जागा अडीच पट होते. हे चांगलंच आहे. दुकानदाराला मात्र जेवढी आहे तेवढीच. आणि 'आहे तेवढी' म्हणजे म्हाडाच्या मंडळानं प्रमाणित केलेल्या यादीत असेल तेवढी. ठाकुरद्वाराजवळच्या ज्या उपाहारगृहात मी लहानपणापासून जातो, तिथं बसायची जागा सगळी मिळून दहा-बारा टेबलांची. कागदावर आहे ती एवढीच. भटारखाना मागच्या चौकात पत्र्याखाली आहे. पहाटे साडेपाचला तिथं उसळीचं पातेलं चढतं, शेजारच्या चुलीवर कट उकळत असतो, मोरीशी बसून एकजण बटाटे सोलतो. वर पोटमाळा. राजापूर, लांज्याकडचे पाच-सहा कामगार रात्री तिथं झोपतात. त्यांच्या ट्रंका, दोरीवरचे टॉवेल, गणपतीत गावी न्यायच्या सामानाचे खोके, सगळं तिथंच. बाहेर फुटपाथला लागून दोन पायऱ्या आहेत, ज्यांवर उभं राहून हातातल्या बशीतून चहा पिणारी माणसं सकाळच्या गिऱ्हाइकांत निम्मी भरतील. चौकातला पत्रा, पोटमाळा, पायऱ्या यांपैकी काहीही यादीत नाही. नव्या इमारतीत मिळणार ती दहा-बारा टेबलांची खोली, भटारखान्याशिवाय. त्या खोलीत भटारखाना घातला तर टेबलं चार उरतात. चार टेबलांवर मिसळ आजच्या दरात विकून दाखवावी, हे आव्हान मी कुठल्याही हिशेबनिसाला देतो.

शिवाय ती खोली कुठं असेल? जुन्या घराच्या कोपऱ्यावर दोन रस्त्यांना उघडणारी दारं होती. नव्या टॉवरच्या तळाशी लॉबी येते, गाड्यांसाठी पोडियम येतो, आणि दर्शनी कोपरा बँकेला किंवा शोरूमला विकायसाठी राखून ठेवला जातो. जुन्या दुकानदाराला मागची गल्ली किंवा पहिला मजला. धुराडं वर कुठून न्यायचं हे नकाशात नसतं. उद्या वरच्या मजल्यावर राहायला आलेला सदनिकाधारक फोडणीचा वास येतो म्हणून सोसायटीत अर्ज करतो आणि सोसायटी नोटीस काढते. त्यात दरमहाचा देखभाल खर्च. पागडीच्या नाममात्र भाड्यावर चाललेल्या धंद्याला तो झेपत नाही, आणि स्वस्त चहाचं गणित त्या भाड्यावरच बसलेलं होतं.

या सगळ्याच्या आधी बांधकामाची वर्षं आहेत. बिल्डर तीन वर्षं म्हणतो. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ सालचा. हक्काच्या घरासाठी त्यांना दीड दशकाहून जास्त वाट पाहावी लागली. घर सोडलेलं कुटुंब भाड्याच्या खोलीत रडतखडत का होईना, कुटुंब म्हणून टिकतं. उपाहारगृह तसं टिकत नाही. आचारी दुसरीकडे जातो, वाढपी गावी परततो, दूधवाल्याचा रतीब तुटतो, रोजचं गिऱ्हाईक सहा महिन्यांत दुसरी पायरी शोधतं. पाच वर्षांनी चावी हातात आली तरी त्या चावीनं उघडायला जागेखेरीज काही उरलेलं नसतं. मग मालक ती जागा औषधांच्या साखळी दुकानाला भाड्यानं देतो, आणि आपण म्हणतो, बघा, त्यालाच नको होतं.

पुढच्या पिढीला धंदा नको असतो, हे अनेक ठिकाणी खरं आहे. मालकाचा मुलगा शिकला, परदेशी गेला, त्यानं पहाटे साडेपाचला कट का उकळावा? ती सक्ती कुणी करू नये. मात्र धंदा म्हणजे एकट्या मालकाचं कुटुंब, हे गृहीत मला साफ नामंजूर आहे. गल्ल्यावर मालक बसतो. पण मिसळीला आज चव आहे ती वीस-पंचवीस वर्षं चुलीशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताची, आणि पुनर्विकासाच्या कुठल्याही करारात त्याचं नाव नसतं. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी १९५७पासून स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या आणि तीच कॉफी हाऊसं चालवली. त्यांतली कितीतरी आजही चालू आहेत. सहकाराचं एवढं मोठं जाळं विणलेल्या महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं म्हणायला आधार काय?

आपल्याकडे उदाहरणं आहेतच. गिरणगावात घरोघरी खाणावळी चालत. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या त्या बायकांना बँक दारात उभं करत नसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना कर्ज मिळवून दिलं, त्यांचा धंदा मोजला, त्यांना नाव दिलं. पुढं १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, १९९१च्या आणि मग २००१च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचं वाटप ठरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मालक, म्हाडा, महापालिका यांच्या वाट्यावर एवढं भांडण झालं. खाणावळीचा वाटा कुणी मागितला नाही, कारण कुठल्याच कागदावर खाणावळ नव्हती. आज लोअर परळच्या कचेऱ्यांत रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक वडापाववर रात्र काढतो. नियोजनात जे मोजलं गेलं नाही ते असं नाहीसं होतं.

हा सगळा जुन्या आठवणींचा उमाळा आहे, असंही म्हटलं जातं. हा आरोप मात्र मला फार लागतो, कारण तो खोटा आहे. ठाकुरद्वारच्या त्या उपाहारगृहात सकाळी येणारी माणसं आठवणी काढायला येत नाहीत. रात्रपाळी संपवलेली परिचारिका येते, कुरिअरवाला येतो, कचेरीच्या दारात पोचायला वीस मिनिटं असलेला कारकून येतो. पत्नी गेल्यावर एकटे राहणारे एक निवृत्त मास्तर रोज अकराला येतात. ते दोन दिवस दिसले नाहीत तर वाढपी तिसऱ्या दिवशी डबा घेऊन त्यांचा जिना चढतो आणि दारातून हाक मारतो, "मास्तर, बरं आहे ना? उपमा आणलाय, गरम आहे तोवर खाऊन घ्या." या सेवेसाठी महापालिकेकडे खातं नाही. ही आजची, रोजची गरज आहे. ती भागवणारी जागा मोडली तर तिच्या बदल्यात काय देणार, हे मोडणाऱ्यानं सांगावं.

आम्ही छायाचित्रं काढून ठेवू, पुस्तक करू, असंही सांगितलं जातं. धोबीतलावला बास्तानी हे इराणी उपाहारगृह होतं. तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांना सुचलेली कविता आजही वाचली जाते. बास्तानी बंद झालं ते झालंच. समोर जेर महालात १९०४ सालचं कयानी अजून आहे. त्याच इमारतीत गोव्याच्या गावांचे कूड आहेत, जिथं बोटीवर कामाला जाणारे गोंयकार पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. आणि हाकेच्या अंतरावर लघुवाद न्यायालय आहे, जिथं मुंबईतल्या भाडेकरू-मालकांचे दावे चालतात. तारखेला आलेले दोन्ही पक्ष आजूबाजूला चहा पितात. या शेजाराला संग्रहालयातली काच पुरणार नाही.

मुंबईला १९९५ साली वारसा नियम मिळाले, देशात पहिल्यांदा. त्यांनी पुष्कळ वाचवलं, आणि त्यांचं श्रेय कमी करायचं नाही. पण ते नियम भिंती, कमानी, लाकडी सज्जे सांभाळतात. आत चूल पेटते की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. १९६४ पासून जहांगीर कलादालनात चालणारं समोवार उपाहारगृह २०१५ साली बंद झालं तेव्हा इमारतीचा एक टवकाही उडाला नव्हता.

जगात इतरांनी यावर विचार केला आहे. ब्युनोस आयरेसनं १९९८ साली आपल्या जुन्या कॅफेंसाठी कायदा केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ साली जुन्या धंद्यांसाठी निधीला मंजुरी दिली. तीस वर्षांहून जुना धंदा तिथं नोंदवहीत जातो आणि त्याला जागा देणाऱ्या घरमालकालाही मदत मिळते. ती शहरं मुंबईपेक्षा कमी बाजारू आहेत असं मानायचं कारण नाही.

आपल्याकडे याहून सोपं साधन हाताशी आहे. पुनर्विकासात बिल्डरला वाढीव चटई क्षेत्र मिळतं ते सरकारकडून, म्हणजे आपल्याकडून. आकाशात मिळणाऱ्या त्या मजल्यांची किंमत लोकांनी मोजलेली असते: गर्दीच्या रस्त्यांनी, पाण्याच्या कमी दाबानं. देणाऱ्याला अट घालायचा अधिकार आहे. तेव्हा अट अशी असावी की तीस वर्षांहून जुन्या उपाहारगृहाची मोजणी प्रत्यक्ष जागेवर, भटारखाना आणि पोटमाळ्यासकट व्हावी; नव्या नकाशात त्याला रस्त्यालगत तळमजला आणि गच्चीपर्यंत जाणारं धुराडं दाखवल्याशिवाय परवानगी मिळू नये; बांधकामाच्या काळात त्याच वस्तीत चालता गाळा द्यावा, नुसतं भाडं नव्हे; आणि मालकाला धंदा सोडायचाच असेल तर बाजारभावानं तो चालवायला घेण्याचा पहिला हक्क कामगारांच्या संस्थेला असावा. प्रकल्प परवडणार नाही, अशी ओरड होईल. चाळीस मजल्यांच्या विक्रीतून हजारभर चौरस फुटांचा भटारखाना निघत नसेल तर तो प्रकल्प भाडेकरूंची घरं तरी पुरी करील का, हे आधी तपासा. भेंडीबाजारच्या समूह पुनर्विकासात, साडेसोळा एकरांत, सुमारे १,२५० दुकानं आराखड्यात सुरुवातीपासून धरली आहेत. दुकानं मोजून आराखडा करता येतो.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. नगररचना अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली नियमावलीत फेरबदल करता येतो. त्याची सूचना निघते, हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. बिल्डरांच्या सोयीचे फेरबदल याच वाटेनं अनेकदा झाले आहेत. आणि ज्यांच्या इमारतीत संमतिपत्रं फिरायला लागली आहेत त्यांनी तर सरकारची वाटही पाहू नये. सगळ्या सह्या झाल्यावर तळमजल्याबद्दल कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आपली सही करण्याआधीच तळमजल्याचा नकाशा मागून घ्यावा, त्यात भटारखाना आणि धुराडं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगावं, आणि ते करारात लिहून घ्यावं.