घरचे यंत्र : गाडी तीच, इंजिन लहान, तेल वाचते का?



माझ्या मेहुण्याकडे ईको गाडी आहे. वाईजवळच्या मळ्यातला भाजीपाला तो पहाटे पसरणी घाटाने पाचगणीला नेतो, आणि लग्नकार्याला, जत्रेला हीच गाडी सगळ्या घराला पोटात घेते. 2021 साली पेट्रोल शंभरीपार गेले, तसा त्याचा जीव खालीवर होऊ लागला. एक दिवस म्हणाला, “दाजी, फिटर म्हणतो, ईकोचे इंजिन काढून ओम्नीचे जुने बसवू. लहान इंजिन, कमी तेल.” मी नको म्हटले. त्याने बसवलेच.

सपाटीवर गाडी बरी चालली. घाटाला मात्र पहिला गिअर सुटेना. एकदा बायकापोरे गाडीत असताना वळणावर ती बंद पडून हातभर मागे सरली. नशीब, मागे कोणी नव्हते. आठवडाभराचे तेल मोजले, तर ते पहिल्याइतकेच!

असे का झाले, ते बघा. ओम्नीचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. ईकोचे बाराशे सीसीच्या आसपास, चार सिलिंडरचे. ओम्नीच्या इंजिनाचा जोर त्याच्या निम्माच. पण गाडीचे वजन, माल आणि चढ तोच राहिला. भरल्या गाडीला बैलजोडीऐवजी एकटा खोंड जुंपला म्हणून ओझे हलके होते का? खोंड फेसाला येतो, एवढेच. तसेच लहान इंजिनाचे. पाय सतत तळाला ठेवावा लागला, की ते ज्यादा पेट्रोल ओढते, तापते आणि लवकर झिजते. शिवाय गिअर आणि डिफरन्शिअलचे दाते मूळ इंजिनाच्या हिशेबाने पाडलेले असतात.

लहान इंजिन तेल वाचवते, हे खोटे नाही. मोठे इंजिन स्वतःला फिरवायलाच काही तेल खाते. म्हणून हलकी गाडी, थोडा माल आणि सपाट रस्ता असेल, तर लहानाचा फायदा दिसतो. पण ती गाडी मुळात लहान इंजिनासाठीच बांधलेली हवी.

आता पैशाचा हिशेब करा. समजा, महिन्याला 600 किलोमीटर फिरता आणि गाडी लिटरला 12 देते. म्हणजे 50 लिटर लागले. ती 15 देऊ लागली, तर 40 लिटर. वाचले 10 लिटर, म्हणजे हजारभर रुपये. इंजिन आणि मजुरी मिळून चाळीस हजार गेले, तर ते फिटायला चाळीस महिने लागतील!

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदणीतला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आधी हवी. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल केल्यास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला, तर विमा कंपनी नेमके यावरच बोट ठेवते. त्या वळणावर काही घडले असते, तर घर उघड्यावर आले असते.

मग तेल वाचवायचे कसे? आधी मोजा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. दोनतीनशे किलोमीटर झाले, की पुन्हा काठोकाठ भरा. जेवढे लिटर बसले, त्याने किलोमीटरला भागा.

मग एकेक गोष्ट करून बघा. टायरात कंपनीने सांगितली तेवढी हवा ठेवा. एअर फिल्टर साफ करा, प्लग तपासा. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवा. गाडी चालवून आल्यावर चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापले असेल, तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. तेल तिथे जळते. बाजारात गाडी उभी असेल, तर इंजिन बंद करा. उभ्या गाडीतही तासाला अर्ध्या लिटराच्या आसपास पेट्रोल जाते.

सीएनजीचा पंप जवळ असेल, तर मान्यताप्राप्त किट बसवून आरसी बुकात नोंद करून घ्या. हा रस्ता कायद्याला मंजूर आहे. आणि काम खरोखरच थोडे असेल, तर गाडी विकून लहान गाडी घ्या.

मेहुण्याचे जुने इंजिन फिटर मागत होता, पण त्याच्या बायकोने दिले नाही. गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवले होते. तेच पुन्हा बसवले. दोन वेळची मजुरी गेली, पण गाडी आता घाट चढते. चिकटलेला ब्रेक सुटल्यावर तेलही थोडे वाचू लागले आहे.

तेव्हा मंडळी, इंजिनाला हात लावण्याआधी चाकाला हात लावून बघा.