कंटाळा बापाच्या पैशावर

मी गोदीत बोजे उचलतो. शिक्षण दहावी. जर्मन येत नाही, खालच्या पट्ट्या वाचत सिनेमे बघतो. ज्यांना यावरूनच हसू येतंय त्यांनी खुशाल पान उलटावं.

यान ओले गेर्स्टरचा 'ओह बॉय' (२०१२) पाळीला खाडा करून पाहिला. बर्लिनचा नीको. कायद्याचं शिक्षण सोडून दोन वर्षं झाली, बापाला पत्ता नाही, पैसे मात्र चालू. एवढे दिवस काय केलंस असं बापानं विचारलं, तर विचार करत होतो म्हणतो! दिवसभर हिंडून त्याला कपभर कॉफी मिळत नाही, ही त्याची शोकांतिका. समीक्षक याला अस्तित्वाची वेदना म्हणतात. आयला, आमच्या चाळीत याला बसून खाणं म्हणतात.

क्रिश्चन क्राख्टच्या 'फाझरलांड' (१९९५) कादंबरीतला पोरगा त्याचा थोरला भाऊ शोभेल. (ही मी वाचलेली नाही, जर्मन येणाऱ्या दोस्तानं सांगितली.) अंगात महागडं जॅकेट, झ्यूल्ट बेटापासून झ्युरिकपर्यंत दारू आणि पार्ट्या. भिंत पडून सहा वर्षं झालेली, पण गडी पूर्वेकडे फिरकत नाही.

पूर्वेकडे काय होतं? रोस्टॉक होतं, बंदराचं शहर. २४ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तिथल्या लिख्टेनहागन वस्तीत पोरांनी इमारत पेटवली. आत शंभरावर माणसं, बहुतेक व्हिएतनामी. पूर्व जर्मनीनं करारावर आणलेले मजूर, त्यांची बायकापोरं. खाली हजारो लोक टाळ्या पिटत होते. पोलीस निघून गेले होते. माणसं छपरावरून निसटली म्हणून वाचली.

बुऱ्हान कुर्बानीनं त्यावर 'आम्ही तरुण, आम्ही ताकदवान' (२०१४) केला. त्यातली पोरंही नीकोसारखीच रिकामी. दिवसभर उनाडतात, कंटाळतात, तोवर पडदा काळापांढरा. हल्ला सुरू झाला की पडद्यावर रंग येतो. दोस्तहो, हा रंग बघा. ज्याला आपण उदासीन पोरगा म्हणून कुरवाळतो, त्याच्या कंटाळ्याला हातात बाटली मिळाली की काय होतं ते इथं दिसतं. आणि कुर्बानी कॅमेरा आत अडकलेल्या लिएनकडेही नेतो. बाकीच्यांच्या कंटाळ्यात ती कुठंच नसते.

गेर्स्टरला मात्र अगदीच कळलं नाही असं म्हणणार नाही. शेवटी बारमध्ये एक म्हातारा नीकोला १९३८ ची ती रात्र सांगतो. बापानं त्याच्या हातात दगड दिला होता. रस्ताभर काचा झाल्या. पोर रडलं, ते आता सायकल कुठं चालवू म्हणून.

म्हातारा मरतो. सकाळी नीकोला कॉफी मिळते.