पहिला क्रमांक आणि शेवटचा बाक

पंधरा वर्षांच्या मुलामुलींचे वाचन, गणित व विज्ञान यांतील ज्ञान पारखणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली ८१ देश व प्रदेश सहभागी झाले. तिन्ही विषयांत सिंगापूर पहिले आले. गणितात सिंगापूरच्या मुलांना सरासरी ५७५ गुण मिळाले, तर आपल्या इस्रायलच्या मुलांना ४५८. विकसित देशांची सरासरी होती ४७२.

हे आकडे कानी पडले की आपण पालक मंडळी लागलीच शिकवण्यांचा विचार करू लागतो. सिंगापूरकर मुलांना शिकवण्या लावतात, मग आपणही का लावू नयेत, असा सवाल केला जातो. म्हणून सिंगापूरचे बुकित तिमाह हे उपनगर डोळ्यांपुढे आणावे. ह्वा चोंग, नानयांग, मेथॉडिस्ट गर्ल्स अशा नामांकित शाळा त्या परिसरात आहेत. प्राथमिक शाळेच्या प्रवेशात एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांस अग्रक्रम मिळतो. साहजिकच अशा शाळेजवळच्या घराला मोठे मोल येते. शिकवणी वर्गांचीही तेथे रेलचेल आहे. सिंगापूरमधील कुटुंबांनी २०२३ साली शिकवण्यांवर सुमारे १८० कोटी डॉलर खर्चिले. अशी घरे आणि असा पैसा आपल्यापैकी कितीजणांपाशी आहे?

शिकवण्यांचा त्या यशात वाटा नाही, असे आमचे म्हणणे नाही. परंतु आमच्या मते खरा बोध दुसऱ्याच आकड्यात आहे. गणिताची किमान पायरी सिंगापुरात शंभरांपैकी ९२ मुले गाठतात. विकसित देशांत सरासरी ६९, आणि इस्रायलमध्ये त्याहूनही कमी. सिंगापूरच्या गरीब घरांतील मुलांचे गुणदेखील विकसित देशांतील सर्व मुलांच्या सरासरीहून अधिक आहेत. ही मुले काही बुकित तिमाहच्या बंगल्यांत वाढलेली नाहीत. तेथे वाचनात वा अंकज्ञानात कच्चे असलेले मूल पहिलीतच हेरले जाते आणि लहान गटात बसवून त्याला शाळेतच निराळे शिकविले जाते. शेवटच्या बाकावरील मुलाची काळजी आधी वाहिली, म्हणून पहिला क्रमांक हाती आला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. १९७९ च्या गोह केंग स्वी अहवालानंतर सिंगापूरने मुलांची कुवतीनुसार वर्गवारी सुरू केली. बाराव्या वर्षीच्या परीक्षेवरून माध्यमिक शाळेतला प्रवाह ठरे आणि त्याचा शिक्का मुलाच्या कपाळी बसे. २०२४ पासून माध्यमिक शाळेत येणाऱ्यांसाठी हे प्रवाह बंद झाले. आता मूल एका विषयात वरच्या पातळीवर आणि दुसऱ्यात खालच्या पातळीवर शिकू शकते.

आपल्याकडे ‘हक्बत्सा’ हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. मुलाला गणिताच्या खालच्या गटात घातल्याची चिठ्ठी येते, आणि ‘शिक्षकांना अधिक कळते’ असे म्हणून आपण ती निमूटपणे स्वीकारतो. तीन युनिटांच्या गणितावर समाधान मानलेल्या मुलास पुढे अनेक विद्याशाखांची दारे बंद आढळतात. दिमोना, बीरशेबा, अश्दोद येथे नव्याने आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हिब्रू नीट येत नसल्याने शाळेत जाब विचारता आला नाही. आपल्याला ती अडचण उरलेली नाही.

तेव्हा अशी चिठ्ठी आली तर शाळेत जावे आणि नम्रपणे परंतु ठामपणे तीन प्रश्न विचारावेत: आमच्या मुलाला नेमके काय येत नाही? ते शिकविण्यासाठी शाळा काय करणार? वरच्या गटात जाण्याची संधी पुन्हा केव्हा मिळेल? उत्तरे मिळेपर्यंत चिठ्ठीवर सही करण्याची घाई करू नये.