कपाळावर गोंदण नको

‘सिकलसेलच्या वाहकांची लग्नंच होऊ देऊ नका, दोन पिढ्यांत रोग संपेल.’ गडचिरोली, नंदुरबारकडच्या सिकलसेलचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारे शिकलेले असतात आणि दाखला डार्विनचा देतात. निसर्ग दुर्बलांना गाळतोच, आपण फक्त हातभार लावायचा! माझा याला साफ विरोध आहे. हे म्हणणं निर्दय आहेच, शिवाय ज्या विज्ञानाच्या नावाने ते मांडलं जातं, त्या विज्ञानालाही ते मान्य नाही.

आधी हिशेब पाहू. सिकलसेलचं जनुक आईवडील दोघांकडून आलं तरच हा रोग होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो आणि सहसा निरोगी असतो. समजा, एखाद्या समाजात दर १० जनुकांमागे १ सिकलसेलचं आहे. म्हणजे १०० माणसांत साधारण १ रुग्ण आणि १८ वाहक. अशा एकूण २० जनुकांपैकी १८ धडधाकट माणसांत लपलेली असतात. निवडीची कात्री चालते ती उरलेल्या दोनांवर. एकाही रुग्णाला मूल झालं नाही असं धरलं, तरी हे प्रमाण निम्म्यावर यायला १० पिढ्या लागतील आणि तिथून पुन्हा निम्म्यावर यायला आणखी २०.

आणि निसर्गाला ते गाळायचं होतं, हे तरी कोणी सांगितलं? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं की, वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. दोन्ही जनुकं सिकलसेलची असतील तर रोग मारतो, दोन्ही साधी असतील तर मलेरिया मारतो, आणि जगतो तो मधला. म्हणून हे जनुक टिकलं. मलेरियाच्या रानात सर्वांत ‘लायक’ तोच होता, ज्याचं रक्त तुम्ही आज खराब म्हणता.

‘मग वाहकांनाच रोखू,’ असं कोणी म्हणेल. शंभरातल्या अठरांना? बरं, असं एखादं तरी घातक जनुक आपल्या प्रत्येकात लपलेलं असतं. हाच न्याय सर्वांना लावला तर अक्षता टाकायला माणसं उरतील, बोहल्यावर कोणी नसेल. खानदानाबाहेर निकाह नको म्हणणाऱ्या आमच्या लोकांनीही हे ऐकावं. जवळच्या नात्यात लग्नं लावली की तीच लपलेली जनुकं एकमेकांना भेटण्याची शक्यता वाढते. रक्त ‘शुद्ध’ राखण्याचा हा असा मोबदला.

विद्वानही इथे घसरलेत. हा रोग रेणूच्या पातळीवरचा आहे, हे १९४९ मध्ये दाखवून देणाऱ्यांत लायनस पॉलिंग होते. त्यांनीच १९६८ मध्ये सुचवलं की, वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी. त्याआधी १९३३ मध्ये जर्मनीने ‘सदोष’ माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. पुढचा इतिहास सांगायला नको.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ हे लक्ष्य ठेवून. तपासणीला माझा विरोध नाही, ती व्हायलाच हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. जोडीदार वाहक नसेल आणि त्याच्यात तसा दुसरा कुठला दोष नसेल, तर मुलाला हा रोग होत नाही. हे त्या दोघांना नीट समजावून सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. पण तपासणीचं कार्ड म्हणजे कपाळावरचं गोंदण होऊ देऊ नका. ‘वाहक’ हा शब्द ऐकून सोयरीक मोडते तेव्हा बोल मुलीलाच लागतो.

निर्मूलन वेदनेचं करा. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी गावच्या दवाखान्यात मिळू द्या, रक्त वेळेवर मिळू द्या, दुखण्याने कळवळणाऱ्या पोराला ‘नाटक करतो’ म्हणणं थांबवा. माणसं गाळण्याची भाषा मात्र डार्विनच्या नावावर खपवू नका.