बेल वाजवू नये

पेणचा माणूस ‘कारखान्यात जातो’ म्हणाला की तो गणपती रंगवायला निघालेला असतो. रोह्याचा माणूस ‘कंपनीत जातो’ म्हणतो, तो धाटावच्या एमआयडीसीत. आमच्या पेणहून रोह्याला गाडीनं जाताना मध्ये कासू, नागोठणे येतात, तेवढ्यात कारखान्याची कंपनी होते.

कायद्याचा कारखाना मात्र वेगळाच. १९४८च्या कायद्यात वीज असेल तर १० आणि नसेल तर २० माणसं भरल्याशिवाय कारखाना ठरत नसे. २०२०च्या संहितेनं हे आकडे २० आणि ४० केले. म्हणजे पेणच्या एखाद्या पडवीत सहा जण श्रावणभर रात्री जागून काढत असले, तरी सरकारच्या लेखी तिथं कारखाना नाही. धूळ मात्र आहे. पीओपीची मूर्ती पॉलिशपेपरनं घासली की भुवया पांढऱ्या होतात. शेजारी कुणी स्प्रेगननं रंग मारत असतो, आणि तोंडाला काय, तर रुमाल.

माझ्या ओळखीचे एक मामा तीसेक वर्षं डोळ्यांची आखणी करतात. आखणीला बसताना चहा घेत नाहीत, हात हलतो म्हणून. ब्रश टेकला की श्वास धरतात, रेघ पुरी झाली की सोडतात. मान मात्र सकाळी वाकते ती दुपारपर्यंत वर येत नाही.

“मामा, मान दुखत नाही?”

“दुखते ना. पण विसर्जन झाल्यावर. आत्ता दुखून कसं चालेल?”

आणि ते खरंच आहे. आषाढ-श्रावणात मामांना साधी सर्दी होत नाही. काय व्हायचं ते पितृपक्षात. याला काटकपणा म्हणायला मी तयार नाही. ही शरीराकडची उधारी आहे. तरी एक गोष्ट पाहिलीय. “आज डोळा बसत नाही,” असं म्हणून मामा ब्रश पाण्यात टाकतात आणि नाक्यावर जाऊन उभे राहतात. मालक काही बोलत नाही. मायकेल मार्मट यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपल्या कामात ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. मामांनी मार्मट वाचलेला नाही. नाका त्यांना ठाऊक आहे.

रोह्याचा माझा मित्र प्लांट सोडून नाक्यावर जाऊ शकत नाही. त्याला मास्क मिळतो, हातमोजे मिळतात, वर्षाला तपासणी होते. यातलं काहीच मामांच्या वाट्याला आलेलं नाही. पण फर्स्ट, सेकंड, नाइट असं चक्र फिरत राहतं आणि झोप त्याच्यामागे फरपटत जाते. रात्रपाळीनं कर्करोग होण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्येच सांगितलं. २०२१ मध्ये आणखी एक हिशेब आला : आठवड्याला ५५ तास किंवा जास्त राबणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५-४० तासवाल्यापेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेऊन, बरं का! पोराची फी भरायची असलेला माणूस त्या कागदावर दुसरं काय लिहिणार आहे?

परवा पोह्याचे पापड घेऊन या मित्राकडे गेलो. दुपारचे बारा वाजले होते. दारावर वहिनींच्या अक्षरात कागद चिकटवलेला : ‘नाइट आहे. बेल वाजवू नये.’ खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं लावलेली होती. शेजारच्या ओट्यावर पोरं चक्क कुजबुजत खेळत होती.

पिशवी कडीला अडकवली. प्लॅस्टिक फार वाजतं, म्हणून ती खालून हातानं धरून हळूच सोडली, आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो.