गोठ्यातली जुनी स्कूटर सुरू होत नाही तेव्हा



पाऊस ओसरला, वावरात पऱ्हाटी फुटू लागली, की चार महिने गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली स्कूटर आठवते. अल्लीपूरच्या माणसाला हिंगणघाटच्या बाजारात जायचे असते, आणि गाडी वीस किका मारूनही दाद देत नाही. मग ती टेम्पोत घालून तालुक्याला मिस्त्रीकडे न्यायची. टेम्पोचे भाडे गेले, वेचणीच्या ऐन दिवसांतला एक दिवस गेला, आणि शेवटी निघाले काय, तर प्लगवर बसलेली काजळी! हा खर्च पुष्कळदा घरीच वाचतो.

येथे बजाज चेतक डोळ्यांपुढे ठेवली आहे. १९७२ साली बाजारात आलेली ही टू-स्ट्रोक स्कूटर आता निघत नाही (२०२० पासून त्याच नावाने मिळते ती विजेवरची), पण गावोगावी जुन्या चेतक अजून आहेत. राजदूत आणि लुना यांनाही बहुतेक हेच लागू पडते.

आधी पेट्रोल पाहा. टाकीचा कॉक उघडा आहे ना, रिझर्व्हवर लावून पाहिला ना, हे विचारायलाही संकोच वाटतो, पण विचारावे लागते. चार महिन्यांचे जुने पेट्रोल असेल तर त्यावर विसंबू नका. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या वाटीत ऑईलचा चिकट थर उरतो. शिवाय आजचे पेट्रोल पूर्वीचे नाही. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल ओल ओढून घेते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी राहिली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसते, आणि कार्बोरेटरकडे पहिल्यांदा तेच जाते. जुन्या रबरी नळ्याही त्याने नरम पडतात किंवा चिरतात. थोडे पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढा आणि घटकाभर ठेवा. गढूळ दिसले किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. ते पेट्रोल चुलीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. नवे भरताना टू-टी ऑईल विसरू नका. नंतरच्या चेतकला लिटरमागे २० मिलिलिटर पुरते. इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण ठेवावे.

आता प्लग. सगळ्या दुखण्याची नाडी येथेच लागते. इंजिनाच्या बाजूचे झाकण काढा, प्लगभोवतीची धूळ फडक्याने पुसा (नाहीतर ती आत पडते) आणि मग पान्याने प्लग काढा. दहा-बारा किका मारल्यावरही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचतच नाही. ओला निघाला, तर पेट्रोल येते आहे, पण करंट नाही किंवा गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. एवढे एक कळले, की निम्मी शोधाशोध वाचते.

कोरडा असेल तर टाकीच्या झाकणाचे बारीक भोक पाहा. कुंभारमाशी तेथे माती लिंपून ठेवते. हवा आत गेली नाही, की पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून पाहिल्यास लगेच कळते. मग कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धार पडते का ते बघा. धार चांगली असेल तर दोष कार्बोरेटरच्या जेटमध्ये. जेट पेट्रोलने धुवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. त्यात सुई किंवा तार घालू नका. भोक केसभर जरी मोठे झाले, तरी गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते.

ओला असेल तर कॉक बंद करा, स्विच बंद ठेवा, प्लगशिवाय आठ-दहा किका मारा आणि आतले पेट्रोल उडू द्या. प्लग घासून पुसा, त्याची फट सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवा. करंट पाहायचा असेल तर आधी पेट्रोलची बाटली दूर अंगणात नेऊन ठेवा, प्लगच्या भोकावर कोरडे फडके दाबा, आणि पेट्रोलचा वास गेल्यावरच प्लग टोपीत घालून त्याचे धातूचे अंग भोकापासून लांब इंजिनाला टेकवा. स्विच लावा आणि किक मारा. निळी, जोरकस ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर नवा प्लग घाला. बाहेर ठिणगी देणारा प्लगही आत दाबाखाली दगा देतो, म्हणून डिकीत एक नवा प्लग असावाच. नव्या प्लगनेही ठिणगी नसेल, तर जुन्या गाडीत पॉइंटवर काजळी किंवा ओल असते. बारीक पॉलिश कागदाने एकदा हलके पुसून घ्या. इलेक्ट्रॉनिक गाडीत पॉइंट नसतात, तेथे मिस्त्रीच बरा.

हे सारे दिवसाउजेडी, गोठ्याबाहेर करावे. कडबा शेजारी, कंदील हातात आणि पेट्रोल उघडे, असा प्रकार चुकूनही नको. बिडीचे सांगायलाच नको. मुले जवळ येऊन बघतात, त्यांना लांब बसवून दाखवा. घरातल्या मुलीला आणि सुनेला मात्र प्लग काढायला शिकवून ठेवा. घरचा माणूस बाहेरगावी असतानाच गाडीची गरज पडते.

सायलेन्सरच्या तोंडात उंदराने चिंध्या भरल्या नाहीत ना, हेही पाहावे. काही लोक प्लगच्या भोकातून थेट पेट्रोल ओततात. आम्हांला ते पसंत नाही, कारण सिलिंडरचे ऑईल धुऊन निघते. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणे तर नकोच.

किक पायाला अगदी हलकी लागत असेल, दाब जाणवतच नसेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असण्याचा संभव आहे. अशा वेळी पुढे खटपट न करता टेम्पो बोलवा, आणि प्लग कसा निघाला, करंट कसा होता, पेट्रोलची धार कशी होती, हे मिस्त्रीला आधीच सांगा.